उरलेला अर्धा चेहरा

"हा फोटो तिथे लागणार नाही," मोठे काका म्हणाले आणि त्यांनी तो टेबलावर पालथा घातला.

"लागणार," चिमी म्हणाली आणि तिने तो उताणा केला.

काकांनी पुन्हा पालथा घातला. चिमीने पुन्हा उताणा केला. हे बराच वेळ चालले असते. पण काचेवर दोघांच्या बोटांचे ठसे उठू लागले, तेव्हा आत्याने फोटो उचलून मांडीवर घेतला, रुमालाने काच पुसली आणि जरा लांब धरून पाहिले.

"धाकटा दिसतो मात्र छान," ती म्हणाली. "जेवढा दिसतो तेवढा."

भांडण होते ते या 'जेवढा'वरच. चिमीचे बाबा छायाचित्रकार होते. गावातल्या बहुतेक सगळ्या तोंडांचे फोटो त्यांनी काढले, पण स्वतः जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले. त्यामुळे ते गेल्यावर शोधाशोध केली, तेव्हा त्यांचा म्हणून एकच फोटो सापडला. तो त्यांनीच काढलेला, स्वतःच्या हाताने छापलेला. डावीकडून एक दिवा. अर्धे कपाळ, एक डोळा, अर्धी मिशी आणि ओठांची एक गंभीर कड. नाकाच्या पलीकडे काळे. अंधुक नव्हे, करडे नव्हे, काळे. शाईची दौत कलंडावी तसे. त्या काळ्याला चेहऱ्याची दुसरी बाजू होती की नव्हती, हे पाहणाऱ्याने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवायचे.

बाबांचे सगळेच फोटो असे असत. गावात त्यांना 'एकदिवे' म्हणत. एका नवऱ्यामुलाने लग्नाआधी फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आला, "उरलेला अर्धा कधी मिळेल?" बाबांनी त्याला बसवले, चहा पाजला आणि शांतपणे सांगितले, "उरलेला अर्धा मुलीला लग्नानंतर बघू दे. काहीतरी शिल्लक ठेव." मुलगा खूश होऊन गेला. मुलीच्या वडिलांनी मात्र माणूस पाठवून दुसरा कान आहे ना, याची खात्री करून घेतली.

आता छायाचित्रकार मंडळाने रविवारी वाचनालयाच्या सभागृहात बाबांसाठी स्मरणसभा ठेवली होती. व्यासपीठावर त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटो हवा होता आणि सभेनंतर तो तिथेच कायमचा राहणार होता. येणारे-जाणारे पिढ्यान्‌पिढ्या बाबांना ज्या चेहऱ्याने ओळखणार, तो हा चेहरा. म्हणून चिमी हट्टाला पेटली होती.

"लोक काय म्हणतील?" काका म्हणाले. "घराण्यातला माणूस अर्धा टांगलाय. बिल भरलं नाही म्हणून वीज कापली होती का, असं विचारतील."

"विचारू देत."

"अगं, त्याला दोन डोळे होते! मी लहानपणापासून बघत आलोय."

"तुम्ही बघत होतात कुठे, काका? तुमचं तर बोलणंसुद्धा नव्हतं."

हे मात्र वर्मी लागले. काका शाळेत हेडमास्तर होते. धाकट्या भावाने चालून आलेली मास्तरकी सोडून कॅमेरा गळ्यात अडकवला, त्या दिवशी त्यांनी भर चौकात जाहीर केले होते, की या काळ्या खोलीची पायरी मी जन्मात चढणार नाही. आणि पुढच्या दाराने त्यांना स्टुडिओत शिरताना खरेच कधी कुणी पाहिले नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी दोघे भाऊ एकमेकांना फक्त 'हं' म्हणत.

तरीही भाऊ गेल्यापासून काकांची अवस्था बघवत नव्हती. ते चिडचिडे तर पहिल्यापासूनच होते. पण आता त्यांनी डोक्यावर लोकरीची कानटोपी चढवली होती आणि भर उकाड्यातही ती उतरवायला ते तयार नव्हते. टोपी भुवयांवर ओढलेली असे आणि मिशीही त्यांनी साफ उतरवली होती. लोक हळहळत. "म्हाताऱ्याने मनाला लावून घेतलं," असे म्हणत. खरे तर काकांना म्हातारा म्हणायची सोय नव्हती. सत्तरी उलटली तरी त्यांचे केस कावळ्यासारखे काळे होते. "पहाटे डोक्यावर थंड पाणी आणि कुणावरही न चिडणं," असे त्याचे रहस्य ते ओरडून सांगत.

"चिमे, मी घरातला मोठा आहे," काका काठीवर दोन्ही हात ठेवून, हनुवटी वर करून बसले. त्यांची ही बसण्याची तऱ्हा अशी होती, की लाकडी खुर्चीचेही सिंहासन व्हावे. "धाकट्याचा चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. उजेडात आला पाहिजे. संपला विषय."

"काका, हे काळं चुकून झालेलं नाही. बाबांनी केलंय." चिमी उठून उभी राहिली. "मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघितलंय. छापताना कागदावर जितका जास्त वेळ उजेड पडेल तितका तो भाग काळा होतो. ते चेहऱ्याच्या उजळ बाजूवर पुठ्ठा धरायचे आणि दुसऱ्या बाजूवर उजेड पडू द्यायचे. मनाजोगतं काळं होईपर्यंत. हात भरून यायचा, पण पुठ्ठा हलायचा नाही. माणूस गेला म्हणून त्याच्या कामात आता दुरुस्त्या करायच्या का? शाळेच्या वहीसारख्या?"

"चुका असतील तर करायच्या!"

"नाही करायच्या. फोटो असाच लागेल. नाहीतर लागणारच नाही."

काका तरातरा निघून गेले. आत्या मागे रेंगाळली. या वयातही भाऊ-बहीण एकाच घरात राहून एकमेकांना छळत. "मी बघते त्याचं," ती जाता जाता म्हणाली. नेमके काय बघते, ते तिने सांगितले नाही. आत्याचे एक होते : ती दोन्ही बाजूंना एकाच वेळी, आणि मनापासून, मदत करायची.

काका निघून गेले ते थेट बाजारातल्या डिजिटल दुकानात. जाताना टेबलावरच्या फोटोची लहान प्रत त्यांनी खिशात घातली होती. डिजिटलवाला तरतरीत माणूस होता. लग्नाला न आलेल्या पाहुण्याला तो लग्नाच्या फोटोत उभा करून देई आणि भांडून गेलेल्याला पुसून टाकी.

"काका, यात काही नाही हो," फोटो पडद्यावर मोठा करून तो म्हणाला. "कोळसा आहे नुसता. फार तर उजेडातली बाजू उलटी करून इकडे चिकटवतो."

त्याने चिकटवून दाखवली. बाबांच्या दोन्ही गालांवर एकेक तीळ आला आणि मिशी मधोमध शिवण घातल्यासारखी झाली. दोन डाव्या बाजू जोडून तयार झालेला तो माणूस कुणाचा तरी भाऊ असेलही. पण काकांचा नव्हता.

"हा कोण?" काका ओरडले.

"मग निगेटिव्ह आणा. निगेटिव्हमध्ये सगळं असतं. छापणाऱ्यानं दाबलं असेल, ते मी वर काढतो."

"सगळं निघेल?"

"सगळं."

"मग काढ. काही लपता कामा नये. केस न् केस दिसला पाहिजे!" काकांनी काठी आपटली.

निगेटिव्ह आणण्याचे काम आत्याने केले. ती स्टुडिओत आली, चिमीच्या पाठीवरून हात फिरवला, "बाळा, तू काही खात नाहीस," म्हणत तिला स्वयंपाकघरात धाडले आणि तेवढ्यात कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. बाबांनी प्रत्येक पाकिटावर आतल्या माणसाचे नाव घातले होते. एकावर फक्त 'मी' असे होते. आत्याने ते पर्समध्ये टाकले. मग बसून चिमीबरोबर दोन घास खाल्ले आणि काकांच्या हेकटपणाला मनसोक्त नावे ठेवली. ती नावेही अगदी मनापासून होती.

इकडे चिमीने मंडळाच्या अध्यक्षांना बजावून ठेवले होते, की फोटो बाबांनी छापला तसाच मोठा करायचा, त्यात रेघभरही फरक नको. अध्यक्ष देहाने अवाढव्य आणि बोलायला त्याहून मोठे होते. बाबांच्या काळोखावर त्यांनी लेख लिहिले होते. "तसाच, ताई, तसाच," ते म्हणाले. "त्या अंधारात आत्म्याचा शोध आहे. आम्ही त्याला हात लावू?" त्यांनी खरेच लावला नाही. फक्त काकांनी जेव्हा सांगितले, की फोटोचे काम मी माझ्या अंगावर घेतो, तुम्ही भाषणाचे बघा, तेव्हा त्यांना फार बरे वाटले.

रविवारी सभागृह भरले. बाबांनी ज्यांची अर्धी तोंडे काढली होती ते सगळे पूर्ण तोंडांनी हजर होते. व्यासपीठावर पुरुषभर उंचीची चौकट पांढऱ्या कापडाने झाकून ठेवली होती. तिच्या शेजारी अध्यक्ष, मग कानटोपी घातलेले काका. चिमी पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी आत्या.

"घरातले ज्येष्ठ या नात्याने," अध्यक्ष म्हणाले, "मोठ्या बंधूंनी कापड दूर करावे."

काका उठले. चिमीकडे पाहून त्यांनी विजयी मुद्रेने मान हलवली. त्या मान हलवण्यात काहीतरी काळेबेरे आहे, हे तिच्या लक्षात आले, तोवर कापड खाली आले होते.

बाबा पूर्ण होते. दोन्ही डोळे, दोन्ही कान, अखंड मिशी. सभागृहात "अहाहा" झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिमी ताडकन उठली. तिच्या तोंडातून शब्द निघणार, एवढ्यात तिला ती दुसरी बाजू दिसली आणि शब्द जागीच राहिला.

बाबा हसत होते. उजेडातल्या बाजूला जो ओठ इतकी वर्षे गंभीर होता, तो अंधाराच्या बाजूला हळूच वर गेला होता. गालावर खळी पडली होती. हसू दाबून धरलेल्या माणसाचे ते हसू होते. इतकी वर्षे ते तिथेच होते आणि तिने ते पाहिले नव्हते.

ती तशीच उभी राहिली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, "पण तो मागे कोण बसलाय?"

टाळ्या विरल्या. बाबांच्या उजव्या खांद्यामागे, जिथे आजवर फक्त काळे होते, तिथे एक खुर्ची निघाली होती. खुर्चीवर माणूस होता. त्याच्या खांद्यांवर टॉवेल होता. डोक्याला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली होती आणि पिशवीखालून एक काळा ओघळ कपाळावर उतरला होता. मिशीवर काहीतरी जाड, काळेकुट्ट थापलेले होते. दोन्ही हात काठीवर ठेवून, हनुवटी वर करून, तो सगळ्या जगावर चिडून बसला होता.

"भूत आहे," एक बाई म्हणाली.

"भूत टॉवेल घेतं का?"

"दवाखान्यातला पेशंट दिसतोय. डोक्याचं ऑपरेशन झालंय."

"छे! दरोडेखोर आहे. तोंडाला काळं फासून आलाय."

"काठी घेऊन?"

मागे उभा असलेला डिजिटलवाला खुलून पुढे आला. "काका म्हणालेच होते, काही लपता कामा नये," तो अभिमानाने म्हणाला. "फार खोल होता. पण काढला."

काकांनी फोटोकडे अजून पाहिलेच नव्हते. ते टाळ्या घेत होते. आता ते वळले. पाहिले. आणि शेजारच्या खुर्चीत मटकन बसले. बसताना सवयीने दोन्ही हात काठीवर गेले आणि हनुवटी वर झाली. क्षणभर व्यासपीठावर एकच माणूस दोन ठिकाणी बसला होता. एक पिशवी घालून, एक कानटोपी घालून.

चिमीने खालून वर पाहिले, वरून खाली पाहिले. काळा ओघळ, टॉवेल, उकाड्यातली कानटोपी. सगळे एका दमात जुळले.

"मला नीट दिसत नाहीये," शेजारी आत्या पुटपुटली. "चष्मा कुठे गेला माझा? बघू तरी, ओळखीचा वाटतोय." तिने पर्स उघडली.

आत्याच्या डोळ्यांवर चष्मा चढला, की ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावाच्या वेशीवर पोचणार, हे चिमीला माहीत होते. काकांनाही होते. ते आत्याच्या पर्सकडे बघत होते. परीक्षेत कॉपी पकडली गेल्यावर मुले त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत, त्याच डोळ्यांनी. क्षणभर चिमीच्या मनात आले, बघू दे. त्यांनाच हवा होता ना उजेड? केस न् केस दिसू दे.

मग ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढली.

"दिवे बंद करा," ती म्हणाली.

"ताई?" अध्यक्ष गोंधळले.

"सगळे. पंख्यांशेजारचेही. आणि खिडक्यांचे पडदे ओढा. माझ्या बाबांचा फोटो असा बघायचा नसतो. त्यांनी आयुष्यभर एका दिव्यावर काम केलं. आज त्यांच्यासमोर इतके दिवे लावून बसलात, लाज नाही वाटत?"

आवाज असा होता, की कुणाला खरेच लाज वाटली आणि बटणे खटाखट बंद झाली. पडदे ओढले गेले. सभागृह काळे झाले. अंधारात चिमीने भाषणाच्या टेबलावरचा वाकड्या मानेचा दिवा उचलला, व्यासपीठाच्या डाव्या कडेला ठेवला आणि लावला. उजेड तिरका धावला. बाबांचा अर्धा चेहरा उजळला. पण उजवीकडची पिशवी अजून चमकत होतीच.

चिमीने इकडेतिकडे पाहिले. पुठ्ठा नव्हता. अध्यक्ष होते.

"अध्यक्ष, इथे या. अजून एक पाऊल. जरा तिरके व्हा. हां. आता हलू नका."

अध्यक्षांचे अवाढव्य शरीर दिव्याच्या वाटेत आले आणि त्याची सावली, जणू काही मापाने शिवून घेतल्यासारखी, फोटोच्या उजव्या बाजूवर पडली. खुर्ची गेली, टॉवेल गेला, पिशवी गेली. बाबांचा उजवा गाल गेला. हसू गेले. राहिली ती डावी बाजू, गंभीर, जशी त्यांनी ठेवली होती तशी.

"बोला आता," चिमी म्हणाली. "आत्म्यावर बोला."

अध्यक्ष बोलले. बोलताना हातवारे करायची त्यांना सवय होती. त्यांचा हात वर गेला, की सावलीला भोक पडे आणि तेवढ्यातून पिशवीचा एक कोपरा डोकावे. मग चिमी हळूच म्हणे, "हात." ते हात खाली घेत आणि पुढच्या वाक्यावर जात. आत्याला चष्मा सापडला तेव्हा समोर काळोखाशिवाय काही नव्हते. मागच्या रांगेत 'दरोडेखोर' आणि 'पेशंट' यांच्यात अजून वाद चालू होता; पण तो आता श्रद्धेचा विषय झाला होता.

शेवटी काकांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उठले. घसा दोनदा साफ केला.

"धाकट्याचा फोटो," ते म्हणाले, "आहे तसाच राहिला पाहिजे. म्हणजे होता तसाच. जुना. उजेडाचं खूळ कुणी काढलं, मला माहीत नाही. पण यापुढे या काळ्याला कुणी हात लावला, तर माझ्याशी गाठ आहे." आणि काठी आपटून ते खाली बसले. टाळ्या जोरात पडल्या. डिजिटलवाला तेवढा आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओच्या मागच्या दारावर टकटक झाली. चिमीने दार उघडले. काका उभे होते. कानटोपी भुवयांपर्यंत, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके. ते कुणी बघत नाही ना, हे पाहून आत आले.

"तुम्ही तर पायरी चढणार नव्हतात," चिमी म्हणाली.

"मागच्या दाराला पायरी नाही," काका म्हणाले आणि सरळ कोपऱ्यातल्या त्या खुर्चीकडे गेले. डोळे मिटूनही सापडली असती, इतक्या सवयीने.

मग काकांनी कानटोपी काढली. टोकांना काळे आणि मुळाशी पांढरेशुभ्र, असे डोके बाहेर आले. बाबांना जाऊन जेवढे दिवस झाले, तेवढेच पांढरे.

"ओळखलंस?" त्यांनी विचारले.

"लगेच. एवढं चिडून बसणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे?"

"पांढऱ्या केसांच्या मास्तरला पोरं आजोबा म्हणतात गं. वर्गात कुणी ऐकत नाही. घरी कलप लावावा, तर तुझी आत्या. तिला कळलं म्हणजे झालंच. न्हाव्याकडे जावं, तर न्हावी आत्याहून वाईट. मग धाकट्याकडे आलो." त्यांनी मान खाली घातली. "याचा हात हलका. फोटो सुधारायचा ब्रश होता ना त्याचा बारीक, त्याने भुवयासुद्धा करायचा. दर महिन्याला यायचो."

"आणि बोलत नव्हतात."

"इथे बोलायचो. बाहेर कसं बोलणार? चौकात सांगून बसलो होतो." ते खुर्चीत सावरून बसले. "एकदा असाच पिशवी बांधून बसलो होतो. कलप वाळायचा होता. एकदम पुढच्या दाराने गिऱ्हाईक आलं. मी उठून पळणार, तर हा म्हणाला, 'दादा, हलू नकोस. मी दिवा फिरवतो.' सगळे दिवे विझवले, एकच ठेवला, तो फिरवला. मी अंधारात. गिऱ्हाईक अर्ध्या उजेडात. फोटो निघाला. त्या माणसाला इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी त्याचे दोन भाऊ आले. तिथून ते सुरू झालं."

अध्यक्षांचे लेख चिमीच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेले.

"मला भरवसा वाटेना," काका सांगत होते. "म्हटलं, मी दिसलो असणार. तर म्हणाला, 'थांब, माझाच काढून बघतो तू मागे असताना.' तोच हा फोटो. छापून दिला हातात. मी भिंगातून बघितला. नव्हतो मी. मला वाटलं, काळं म्हणजे तिथे काही नाही."

"काळं म्हणजे काही नाही, असं नसतं, काका."

"आता कळलं."

चिमीने त्यांच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. बाबांच्या पेटीतून बारीक ब्रश काढला आणि पुडके सोडले. काम तिला जमेल की नाही, हे दोघांपैकी कुणीच विचारले नाही. मुळाशी उगवलेले पांढरे हळूहळू काळे होत गेले. भुवयांपाशी आल्यावर तिने श्वास रोखला, बाबा रोखत तसा. काकांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी आले. "झोंबतंय का?" तिने विचारले. "झोंबतंय," ते म्हणाले. कलप अजून डोळ्यापासून बराच लांब होता. तिने टॉवेलच्या टोकाने ते टिपले आणि डोक्याला पिशवी बांधली.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

"चिमे, आहेस का गं?" आत्याचा आवाज.

काका अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा हेडमास्तर एका क्षणात उतरला.

"काका, हलू नका," चिमी कुजबुजली. "मी दिवा फिरवते."

आत्या आत आली तेव्हा एकच दिवा जळत होता. बाकी खोली काळी होती. डावीकडच्या भिंतीवर बाबांचा जुना फोटो लागला होता, होता तसा. सभागृहातही आता त्याचीच मोठी प्रत जाणार होती. उजळलेली चौकट चिमीने डार्करूममध्ये ठेवली होती. तिथे दिवा लावायचा नसतो.

"माझा पण एक काढ," आत्या स्टुलावर बसत म्हणाली. "धाकट्याच्या पद्धतीचा. उद्या मी गेले, तर तुम्ही लोक रेशनकार्डावरचा लावाल." तिने केस सारखे केले, मग नाक फुगवून वास घेतला. "कसला वास येतोय?"

"केमिकलचा, आत्या. फोटो धुवायच्या."

"हं." आत्याने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. पर्सच्या वरच्या कप्प्यात, जिथे तो नेहमी असे. "तुझ्या बाबांच्या वेळीही यायचा हा वास. महिन्यातून एकदा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उशीच्या अभ्र्यालाही यायचा. अभ्रे मीच धुते ना."

कॅमेऱ्यामागे चिमी उगाचच लेन्स पुसत राहिली. कोपऱ्यातला अंधार तर श्वासही घेत नव्हता.

"इकडे बघू?" आत्याने विचारले आणि सरळ त्या कोपऱ्याकडे तोंड केले.

"थोडं दिव्याकडे, आत्या."

फोटो निघाला. आत्या उठली, पर्स खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन थांबली.

"सावली जरा जास्तच ठेव हो छापताना. आणि त्याला सांग, आता ती कानटोपी धुवायला टाक. घरात उभं राहवत नाही."

"कुणाला सांगू, आत्या?"

"ज्याची असेल त्याला," आत्या म्हणाली आणि पुढच्या दाराची पायरी उतरून गेली.

चिमीने जाऊन दाराची कडी लावली.

"गेली का?" शेवटी अंधाराने विचारले. "तिला काही कळलं तर नाही ना?"

"काही नाही, काका," चिमी म्हणाली आणि दिव्याच्या बाजूचे तोंड तिने गंभीर ठेवले.